मधे माणसं, कडेला वेल

शहापूरला स्टँडकडून बाजारपेठेत शिरताना एक दुकान होतं. निम्मं शहापूर त्याला टीव्ही रिपेरिंगचं दुकान समजायचं. अधूनमधून कुणीतरी बंद पडलेला टीव्ही चादरीत गुंडाळून आणायचं आणि दुकानाच्या मालकीण काकींसमोर ठेवायचं. काकी चष्मा कपाळावर सरकवून आधी टीव्हीकडे बघायच्या, मग आणणाऱ्याकडे.

"इथं टीव्ही बरे नाय होत बाबा. इथं लग्नाच्या पत्रिका होतात. घरात लग्न ठरलंय का कुणाचं?"

"नाय."

"मंग ठरवा आणि या."

लोकांचाही दोष नव्हता. दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर दिसायचा तो टीव्हीच. त्याच्याखाली टेबल, टेबलावर कीबोर्ड आणि माऊस, टेबलाखाली घरघरणारा कॉम्प्युटरचा डबा. मी कल्याणला डीटीपीचा कोर्स करून, बोटांत मोठा रुबाब घेऊन, किन्हवलीहून एसटीने तिथे नोकरीला आले. पहिल्या दिवशी खुर्चीत बसले आणि मॉनिटर शोधायला लागले. टेबलावर नव्हता, टेबलामागे नव्हता. काकी शेजारी उभ्या राहून मजा बघत होत्या.

"वर बघ गो," त्या म्हणाल्या.

वर बघितलं. भिंतीवरच्या टीव्हीवर दोन हत्ती सोंडेत माळ घेऊन उभे होते आणि मधे कुणाचं तरी शुभमंगल. अक्षरं तळहाताएवढी. पुढची काही वर्षं मी अशीच मान वर करून काम केलं. आता मुरबाडला माझं स्वतःचं दुकान आहे, समोर नीट डोळ्यांच्या रेषेत मॉनिटर आहे, तरी विचार करायला लागले की माझी मान आपोआप वर जाते. नवऱ्याला वाटतं मी देवाचं नाव घेते.

काकींचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. ज्याचं नाव त्याला वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही, हा त्यांचाच नियम. आणि हे सगळं त्यांना वाचून दाखवायची माझी छाती नाही.

दुकान मुळात काकांचं. काका गेले तेव्हा काकींना कॉम्प्युटरवर फडकं मारण्यापलीकडे काही येत नव्हतं. मग त्या एका बोटाने टाईप करायला शिकल्या, पुढे दोन बोटांनी, आणि तिथेच थांबल्या. बाकीची बोटं म्हणे चहाच्या कपाला लागतात. एकदा ऐन लग्नसराईत काकांच्या वेळचा मॉनिटर गेला. बाहेर बाकड्यावर एक अख्खं कुटुंब पत्रिका बघायला येऊन बसलेलं. काकींनी त्यांना चहा सांगितला, रिक्षा केली, घरी गेल्या आणि हॉलमधला टीव्ही काढून, गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आल्या. बत्तीस इंची, कधी कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, सेलमध्ये घेतलेला. वायर लागली, पडदा उजळला आणि बाकड्यावरची माणसं एकदम उठून उभी राहिली. आपलं नाव एवढं मोठं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. सराई संपली की नवा मॉनिटर घ्यायचा असं ठरलं होतं. सराई संपली, पुढची आली, मॉनिटर काही आला नाही.

त्या टीव्हीत खोड नाही असा भाग नव्हता. लाल अक्षरांच्या कडा फुगायच्या. थोडा वेळ माऊस हलवला नाही की 'सिग्नल नाही' म्हणून पडदा काळा व्हायचा. पलीकडच्या गल्लीत वेल्डिंग सुरू झालं की हत्ती थरथरायचे. आणि संध्याकाळी काकींच्या सिरियलची वेळ झाली की सगळंच संपलं. घरचा टीव्ही दुकानात आल्यामुळे सेट-टॉप बॉक्सही दुकानात आला होता. काकी रिमोटने इनपुट बदलायच्या आणि नवरानवरी जाऊन तिथे भांडणाऱ्या सासवासुना यायच्या. गिऱ्हाईक असलं तर तेही बघायचं. मी अर्धवट नावावर बोटं ठेवून बसून राहायची आणि मनातल्या मनात दात ओठ खायची.

रिमोट मात्र फक्त काकींचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून रबरबँड. त्यावर एक चित्राचा आकार बदलायचं बटण होतं, त्याला तर हातच लावायचा नाही. "दाबलंस की चॅनेल जातील सगळे," त्या म्हणायच्या. मी कितीदा सांगितलं की त्याचा आणि चॅनेलचा काही संबंध नाही. त्या मान हलवायच्या आणि रिमोट कमरेला खोचायच्या.

पण खरं सांगायचं तर लोक यायचे ते त्या टीव्हीसाठीच. इतर ठिकाणी कागदावर नमुना हातात द्यायचे, एकाने वाचायचा, बाकीच्यांनी खांद्यावरून डोकवायचं. काकींकडे मुलगी बघायचा कार्यक्रम असावा तसा पत्रिका बघायचा कार्यक्रम व्हायचा. मंडळी बाकड्यावर ओळीने बसायची. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाने उभं राहून पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायची. वाचून झालं की प्रत्येकाने 'पास' म्हणायचं. एकाने जरी म्हटलं नाही तर छपाई नाही. "टीव्हीवर दिसंल तेच मिळंल," असं त्या दरवेळी बजावायच्या. "मागून माझ्याकडं यायचं नाय, का आत्याचा नवरा ऱ्हायला."

साहजिकच भांडणं व्हायची ती तिथेच. मामाचं नाव वर का, काकाचं खाली का, जावयाच्या नावापुढे त्याची नोकरी का नाही. एकदा एक मामा हात नाचवून ओरडायला लागले, तशी काकींनी कमरेचा रिमोट काढला, मामांच्या छातीवर रोखला आणि बटण दाबलं.

"आवाज बंद. आता चित्र बघा."

मामा खरोखरच गप्प झाले. बहुतेक आश्चर्याने.

त्या टीव्हीची सगळ्यात मोठी खोड म्हणजे तो कडा खायचा. चारी बाजूंनी बोटभर पट्टी पडद्याबाहेरच जायची. असे स्वस्तातले टीव्ही चित्र थोडं ताणून दाखवतात, कडा कापल्या जातात. सिनेमा बघताना कुणाच्या लक्षात येत नाही, पत्रिकेत येतं. सुरुवातीला आटगावकडची एक आजी पत्रिका ऐकून झाल्यावर रडायलाच लागली, "माझी नातवंडं कुठं गेली?" तळाच्या ओळीत 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सगळी पोरं टीव्हीने गिळली होती. काकींनी पोरं वर सरकवली, आजीला पाणी दिलं, आणि त्या दिवसापासून दुकानाचा कायदा झाला. मधे माणसं, कडेला वेल. चारी बाजूंना फक्त पानाफुलांची वेल काढायची. ती दिसली नाही तरी कुणाचं काही अडत नाही.

दिसेल तेच मिळेल, हा त्यांचा शब्द होता आणि त्या शब्दाला त्या फार जपायच्या. आटगावच्याच एका बौद्ध कुटुंबाची मंगल परिणयाची पत्रिका होती. टीव्हीवर निळा रंग असा काही खुलला होता की सगळ्यांनी एका दमात पास म्हटलं. छापून आल्या त्या जांभळ्या. टीव्हीचे रंगच मुळात भडक. नवऱ्यामुलाचा भाऊ हळूच म्हणाला, "काकी, ह्यो आमचा निळा नाय." मला वाटलं त्या वाद घालतील, कारण पास तर त्यांनीच केलं होतं. काकींनी एक पत्रिका उचलली, दारातल्या उजेडात धरली आणि खाली ठेवली.

"मी बोलले होते टीव्हीवर दिसंल तसंच मिळंल. नाय मिळालं. माझं चुकलं."

सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या, पदरमोड करून. त्या घरातल्या आईने नंतर निळ्या कापडाची एक पट्टी आणून दिली. ती काकींनी टीव्हीशेजारी खिळ्याला अडकवली. निळा रंग तेव्हापासून त्या पट्टीवर बघायचा, टीव्हीवर नाही.

हे एवढं सगळं सांगितलं ते का, तर अशी ही बाई एकदा गिऱ्हाइकाशी खोटं वागली.

त्याच्या आधीच्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं. पत्रिका अर्थातच घरची. काकांचे भाऊ मुरबाडहून आले, बाकड्यावर बसले आणि नावं सांगू लागले. काकांचं नाव 'कैलासवासी' लावून, मग सगळे काका, त्यांच्या सौभाग्यवती, आत्या, आत्यांचे यजमान. काकी दोन बोटांनी टाईप करत होत्या. मी वाट बघत होते की मुलीच्या आईचं नाव आता येईल, मग येईल. थोरले दीर मवाळपणे म्हणाले, "शुभकार्य आहे वहिनी. तुम्हाला कळतंच."

काकींनी मान हलवली. थोरल्या दिरांनी पत्रिका वाचली. 'पास' बाकड्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं आणि मग सगळे काकींकडे बघायला लागले, कारण नियमाप्रमाणे त्यांचंही व्हायला हवं होतं.

"पास," काकी म्हणाल्या.

मला इतका राग आला होता की मी वेलीची पानं उगाचच मोठी करत बसले. संध्याकाळी सिरियल लागली. काकींनी आवाज बंद ठेवला. मी म्हटलं, "काकी, आवाज?" तर म्हणाल्या, "नको. तोंडं दिसतात ना. कळतंय." आणि त्या बिनआवाजी भांडण बघत बसल्या. माझी एसटी सुटायची वेळ झाली होती, पण त्यांना तसं सोडून उठवेना.

पुढच्या सराईत खर्डीकडून एक कुटुंब आलं. मुलगी दीपाली, तिचा चुलता, चुलती, आणखी दोन-तीन माणसं. दीपालीचा बाप ती लहान असतानाच गेलेला. तिची आई बाकड्यावर बसली नाही. दारात पायरीवर, चपलांच्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन बसली. काकींचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

"तुझं नाव काय गो?" काकींनी विचारलं.

ती दचकली. "माझा? चांगुणा."

नावं घालून होत आली तेव्हा दीपाली चुलत्याला म्हणाली, "काका, आईचं नाव घालूया ना."

चुलता माणूस वाईट नव्हता. भाऊ गेल्यावर पुतणीची शाळा त्याने बघितली होती, मांडव त्याच्याच दारात पडायचा होता. त्याने समजुतीने सांगितलं, "बाय, आमच्यात नाय घालत. चांगल्या कामात तसा नाव नसतो. काकी, बरोबर ना?"

काकींनी चष्मा कपाळावर सरकवला. मग काकी म्हणाल्या, "वाचा तुमी."

चुलत्याने पत्रिका वाचली. सगळे पास म्हणाले. दीपालीने उशिरा म्हटलं, पण म्हटलं. पायरीवर कुणी विचारलं नाही. मी माझ्या एसटीला निघाले, फाईल कल्याणच्या प्रेसला पाठवायचं काम काकींवर सोडून.

गठ्ठे आले तेव्हा मी एक पत्रिका उघडली. हत्ती जागेवर, नवरानवरी जागेवर, सगळे चुलते-मामे जागेवर. तळाशी जिथे वेल असते तिथे वेल नव्हती. बारीक पण स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, 'अगत्याचं बोलावणं : मुलीची आई, श्रीमती चांगुणा.'

"काकी!"

"काय गो?"

"हे टीव्हीवर नव्हतं."

"नव्हतं," त्या म्हणाल्या आणि गठ्ठ्याला सुतळी बांधायला लागल्या.

मी त्यांना खूप बोलले. तुमचा शब्द गेला, उद्या कोण येईल, असं बरंच काही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला चहा आणायला पाठवलं.

दोन दिवसांनी चुलता आला. बरोबर चांगुणा होती, डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला. मागे दीपाली. नेमकं त्याच वेळी बाकड्यावर किन्हवलीचं एक कुटुंब पत्रिका बघायला बसलेलं. म्हणजे जे काही व्हायचं ते गावासमोर होणार होतं. चुलत्याने पत्रिका टेबलावर ठेवली.

"ह्या काय केलाव काकी? टीव्हीवर ह्या नव्हता. आमी समद्यांनी बघितला. घरात इचारला, तर ही म्हनते मला ठावं नाय. मंग आपोआप आला? कुनी मागनं येऊन घालून घेतला?"

चांगुणा खाली बघत होती. तिच्यावर काय वेळ आली असेल ते दिसत होतं. मुलीच्या लग्नाच्या तोंडावर, ज्याच्या दारात मांडव पडायचा त्याच्याच डोळ्यांत ती चोर ठरली होती. मी पटकन पुढे झाले. "दादा, आमचा टीव्ही कडा कापतो. जुनी फाईल असेल, चुकून..."

"चूक नाय," काकी म्हणाल्या. "तिला काय बोलू नका. तिनं सांगितलं नाय, पोरीनं सांगितलं नाय. मी घातलं."

"का?"

काकींनी माऊस हातात घेतला. त्यांनी फाईल उघडली. टीव्हीवर हत्ती आले, मंडळी आली, तळाचं काहीच दिसेना. मग कमरेचा रिमोट काढला, पिशवीवरूनच ते बटण दाबलं. ज्याला हात लावला की चॅनेल जातात ते. चित्र किंचित आक्रसलं आणि चारी कडा पडद्यावर आल्या. खाली चांगुणाचं नाव आलं. इतके दिवस या बाईला ते बटण काय करतं हे पक्कं ठाऊक होतं, आणि मी तिला शिकवत होते!

"मी तुमच्याशी खोटं वागले," काकी म्हणाल्या. किन्हवलीची माणसं कान देऊन ऐकत होती. "समद्या पत्रिका परत छापून देते. माझ्या खर्चानं. हे नाव काढते. पन दुकानाचा नियम हाय. थोरल्या मानसानं मोठ्यानं वाचायचं, मंग मी खोडनार. ही ओळ वाचा आनि बोला, काढा."

चुलता टीव्हीसमोर उभा राहिला. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीचं नाव घेत नाही. तो तिला कायम 'दीपालीची आय' म्हणत आला असणार, तिच्या समोर आणि तिच्या मागेही. त्याने घसा साफ केला.

"अगत्याचं बोलावणं," त्याने वाचलं. "मुलीची आई..."

थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच थांबला. बाकड्यावरची किन्हवलीची म्हातारी पुढे वाकून बघायला लागली. दीपालीने आईचा हात धरला होता.

"मुलीची आई, श्रीमती चांगुणा," तो म्हणाला.

चांगुणाने मान वर केली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. तिला वाचता येत होतं की नाही मला माहीत नाही, पण ती त्या ओळीकडेच बघत होती.

काकींचं बोट खोडायच्या बटणावर होतं. "काढू?"

त्याने एकदा चांगुणाकडे बघितलं. कपाळ पुसलं. मग चिडल्यासारखा म्हणाला, "आता छापलाच हाय तर ऱ्हाऊ दे." पत्रिका उचलून पिशवीत टाकली, दारापर्यंत गेला आणि वळला. "पन घालायचा व्हता तर मधी घालायचा ना. कडेला कशाला घातलाव?"

ते गेले. किन्हवलीच्या कुटुंबाची पत्रिका आम्ही त्याच दुपारी बघितली. त्यांच्या म्हातारीने पास म्हणायच्या आधी टीव्हीच्या चारी कडा बोट फिरवून तपासल्या. पुढे गावोगाव ती गोष्ट पसरली, आणि तसं प्रत्येक गिऱ्हाईक करायला लागलं. काकींचा शब्द थोडा उणा झाला तो झालाच. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

पण ती संध्याकाळ सांगायची राहिली. दुकान रिकामं झाल्यावर काकी कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि जुन्या फायलींमधून त्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका काढली. लग्न होऊन वर्ष उलटलं होतं, मुरबाडला मुलगी सुखात नांदत होती, ती पत्रिका आता कुणाला जाणार नव्हती. काकांच्या नावाखाली त्यांनी एक ओळ जागा केली. अगदी मधे. दोन बोटांनी, एकेक अक्षर, स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"वाच गो. मोठ्यानं."

मी उभी राहिले आणि वाचलं. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्यांच्याशी भांडले, आणि ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं. एकही अक्षर न गाळता वाचलं.

"पास, काकी," मी म्हटलं.

त्या टीव्हीकडे बघत राहिल्या. मग कमरेचा रिमोट काढून इनपुट बदललं. सिरियल सुरू झालेली होती, सासू सुनेला दाराबाहेर काढत होती. काकींनी रिमोट माझ्या हातात दिला. तो त्यांनी आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता.

"आवाज वाढव जरा," त्या म्हणाल्या.